कुसुमताईंचे पाय

आमच्या कुसुमताई हट्टी आहेत, हे मी लग्न होऊन नारायणगुड्यात आले त्या दिवसापासून सांगतेय, पण माझं ऐकतो कोण. नणंद माझी. जामबागच्या मुलींच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलं, लग्न केलं नाही, कोणाचं ऐकलंही नाही. पाठीच्या कण्याचं ऑपरेशन झालं आणि कमरेखालची सगळी जाणीव गेली, तेव्हाही रडल्या नाहीत. बटणावर चालणारी खुर्ची आणली, तर थोड्याच दिवसांत ती घरभर अशी दामटायला लागल्या की मलाच भिंतीला चिकटून उभं राहावं लागे.

एकच गोष्ट चालत नसे. पाय कोणी धुवायचे नाहीत. अंग पुसायला राणी येते, तिला मुभा गुडघ्यापर्यंतच. पाय ताई स्वतः पुसत, शाळेतल्या लाकडी पट्टीला फडकं बांधून. दुसऱ्याकडून पाय धुवून घ्यावेत एवढी मी मोठी नाही, म्हणत. बरं, नमस्काराला मात्र ना नाही! जुन्या विद्यार्थिनी सारख्या यायच्या. ताईंच्या साडीचा काठ पावलांवर पसरलेला असे, त्यालाच बोटं लावून कपाळाला टेकवायच्या. मीही रोज सकाळी तसाच नमस्कार करायची.

मग पाय सुजायला लागले. डॉक्टर म्हणाले, रोज थोडा वेळ पाय उंच करून बसवा. उशा झाल्या, स्टूल झालं, पाट झाला. पाय आपले घसरून खाली. शेवटी माझ्या रितेशने शोधून काढलं की याच खुर्चीला मोटारीवर चालणारे पायटेकू बसवता येतात. बटण दाबलं की पाय आपोआप वर.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि ‘नक्को’ म्हणाल्या. हॉलमध्ये समोर देवघर. देवाकडे तळवे करून बसायचं? शोभतं का? पोराचं तोंड एवढंसं झालं. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, तुमचे पाय दिसले म्हणून देव काय घर सोडून जाणार आहे? त्यावर आमचा अबोला. तो त्यांनीच मोडला. खिडकीकडे तोंड करून बसेन, देवाकडे नाही, या अटीवर कबूल झाल्या.

मलकपेठेहून कुलदीप नावाचा मेकॅनिक आला. ताईंना पलंगावर बसवून त्याने जुने पायटेकू काढले, नवे बसवले, तारा जोडल्या, मग ताई पुन्हा खुर्चीत. तेवढ्यात भाग्यलक्ष्मी आली. ताईंची लाडकी विद्यार्थिनी, आता नर्स आहे. गुरुपौर्णिमेला ड्यूटी होती म्हणून उशिराने नमस्काराला आलेली. ती वाकणार, तर ताईंनी तिला थांबवलं. आधी गंमत बघ म्हणाल्या, तिला खिडकीपाशी उभं केलं, खुर्ची तिकडे वळवली आणि बटण दाबलं. किती खूश होत्या!

मोटार घुरघुरली. पाय हळूहळू वर आले आणि साडीचा काठ मागे सरकला.

भाग्यलक्ष्मीने तोंडावर हात दाबला. मी पुढे जाऊन पाहिलं. उजव्या टाचेला रुपयाएवढा काळा खड्डा पडला होता. कडा ओल्या, हिरवट. आणि त्या खड्ड्यात झेंडूची पाकळी रुतलेली. गुरुपौर्णिमेला मुलींनी पायांवर वाहिलेल्या फुलांतली! टाच खुर्चीच्या पत्र्यावर टेकून टेकून सडत होती आणि बाईला पत्ताच नाही. घरात काय की कसला वास येतोय म्हणून मी खालच्या गटाराला शिव्या घालत होते. अगं आई गं, तो वास आमच्याच माणसाचा होता.

ताईंना बसल्या जागेवरून टाच दिसत नव्हती. काय झालं, काय बघताय, विचारत राहिल्या. कुलदीप मान फिरवून भिंतीकडे बघत होता. शेवटी भाग्यलक्ष्मीने मोबाइलवर फोटो काढून त्यांच्यापुढे धरला.

ताईंनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

“हा कोणाचा पाय?”

“तुमचाच, बाई,” ती म्हणाली, आणि ॲम्ब्युलन्सला फोन लावला.

हॉस्पिटलात सडलेलं मांस काढलं. डॉक्टर म्हणाले, हाडाच्या अगदी जवळ पोचलं होतं. आणखी उशीर झाला असता तर पाय कापावा लागला असता. वरांड्यातल्या बाकावर बसून मी एकच घोकत होते. रोज या पायांना नमस्कार करत होते मी. रोज.

ताई घरी आल्या तेव्हा पाय शाबूत होता. आता राणी पाय धुते, ताई गप्प बसतात. पहिल्याच संध्याकाळी मी देवापुढे दिवा लावला आणि मागे मोटार घुरघुरली. वळून बघते तर खुर्ची खिडकीकडे नव्हती. बँडेज बांधलेली टाच थेट देवघरासमोर वर येत होती.

“ताई, समोर देव आहे.”

“रोज याच्यासमोरच बसत होते, मीना,” ताई म्हणाल्या. “बघू दे त्यालाही.”