बिशपाची आय

माझा धाकटा भाऊ केरळातल्या एका डोंगरावर सिस्टर्सियन मठात होता. म्हणजे मौन, पहाटेची प्रार्थना, गोठा आणि भाजीचा मळा. वसईच्या घरी तो क्वचितच यायचा. आय म्हणायची, "पोर देवाला दिलं, आता परत मागून कसं चालेल?" मग एक दिवस वरून हुकूम आला आणि त्याला बिशप केलं. इथे मस्कतमध्ये आमची माणसं माझ्याकडे पार्टी मागत होती, आणि भाऊ फोनवर रडत होता.

"ताई, मध्ययुगात आमच्याच पंथात एक जण होता," तो म्हणाला. "त्यालाही असंच बिशप केलं. बिचारा पळून गेला, दूरच्या मठात नाव लपवून पडेल ते काम करत राहिला. पण शोधलाच त्याला. परत आणून गादीवर बसवला."

"मग तूही पळ ना!"

"कुठे पळू? हल्ली लोक फोटो काढतात."

फोन स्पीकरवर होता. वडील गेल्यापासून आय माझ्याकडेच, मस्कतजवळ माबेलाला असते. तिने एवढंच विचारलं, "त्या बिशपाची आय होती का रे जिवंत?"

"चरित्रात नाही लिहिलेलं, आय."

"कशाला लिहितील," आय म्हणाली.

पण तेव्हापासून तिने एकच ध्यास घेतला. "मठातून सुटलाय तर एकदा माझ्या हातचं जेवायला येईल." आणि खरंच, त्याला मस्कतच्या चर्चचं आमंत्रण आलं. शुक्रवारच्या मिस्साच्या प्रार्थनेनंतर दुपारी आमच्याकडे जेवायचं, हे त्याने स्वतः ठरवलं. आयने गावाहून येणाऱ्या शेजारणीकडून आगाशीची सुकेळी मागवली. सुक्या पानात बांधलेली ती वाळवलेली केळी म्हणजे त्याचा जीव. लहानपणी त्यापायी त्याने माझ्या झिंज्या उपटल्यात.

शुक्रवारी आम्ही लवकर रुवीच्या चर्चला पोहोचलो. मी कमिटीतल्या माणसाला गाठून ठेवलं होतं; मिस्साआधी आयला आतल्या खोलीत नेऊन भेटवायचं. तर आय हलेना.

"बिशपाला आधी जाऊन भेटायचं? लोक काय म्हणतील? मिस्सा झाल्यावर सगळ्यांसारखी लायनीत जाईन, अंगठीचा मुका घेईन."

"अगं, तो तुझा मुलगा आहे!"

"आज नाही," ती म्हणाली. ह्या बाईपुढे कुणाचं चाललंय?

मिस्सा संपली. मल्याळी, गोवेकर, फिलिपिनो, सगळे लायनीत. आय सुकेळीचं पुडकं छातीशी धरून पुढे सरकत होती, मी तिचा दंड धरून मागे. भाऊ पार उतरला होता. हात पुढे करायचा, हसायचा, पुन्हा हात पुढे. आयने वाकून अंगठीला ओठ लावले तरी त्याला कळलं नाही. तिने मान वर केली तेव्हा त्याने झटकन हात मागे घेतला.

"आय! तू कशाला लायनीत..."

"सुकेळी आणलीयत," ती म्हणाली.

तेवढ्यात व्हॉलंटियरने पुडकं घेतलं, बाजूच्या टेबलावर बुके आणि मिठाईच्या डब्यांत ठेवलं. "चलो आंटी, यल्ला, आगे." मागून रेटा आला. भावाने मान वळवून आमच्याकडे बघितलं, पण त्याचा हात पुढच्या माणसाने धरलेला होता.

मग कळलं की जेवण कमिटीने दुसरीकडे ठेवलंय आणि तिथून थेट विमानतळ. मी नको नको ते बोलले. "मॅडम, प्रोग्रॅम फिक्स है," कमिटीतला माणूस म्हणाला. खलास. माझा संताप संताप झाला. टेबलावरचं पुडकं उचललं, पर्समध्ये कोंबलं आणि निघाले.

घरी टेबलावर त्याचं ताट पालथं घातलेलं तसंच होतं. मी सुकेळी ताटाशेजारी आपटली. आयने कुणाचंच जेवण वाढलं नाही.

संध्याकाळी विमानतळावरून फोन आला. आवाज बसलेला होता.

"आय, चुकलं गं. मला सोडेचनात."

"असू दे. सुकेळी मिळाली?"

"हो तर. खाल्लीसुद्धा. गाडीतच."

मी तोंड उघडणार, तर आयने माझा हात घट्ट दाबला. समोरच्या पुडक्याचा दोराही सुटलेला नव्हता.

"गोड होती ना रे, बाळा?"

"खूप गोड होती, आय."

"मग झालं तर," आय म्हणाली.