तिसरी रेघ उलटली

आधीच सांगते... माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आणि हे लिहून झाल्यावरही नसेल. नागपूरला आमच्या घरी पत्रिकेशिवाय पान हलत नाही, तरी मी माझ्या लग्नात ती कुणाला पाहू दिली नव्हती.

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. आम्ही अमेरिकेत, बॉथेलला राहतो. मी सॉफ्टवेअर टेस्टर, नवरा नितीन बायोटेकमध्ये. शेजारी लिन काकू, चिनी, ऐंशीच्या घरातल्या. शनिवारी सकाळी हायकिंगला निघताना त्यांचा डबा परत द्यायला गेलो, तर त्या टेबलावर नाणी टाकून कौल बघत होत्या.

"हिचंही बघा ना," नितीन म्हणाला.

तीन नाणी, सहा वेळा. दर वेळी एक रेघ काढायची, खालून वर. तिन्ही नाणी सारखी पडली की ती रेघ उलटते आणि आकृतीच बदलते. माझी तिसरी रेघ उलटली. काकूंनी दोन्ही आकृत्या शेजारी शेजारी काढल्या.

"ही डोंगरावर डोंगर. म्हणजे थांब. आता बघ, खालचा डोंगर गेला, नुसती जमीन राहिली. वरचा कोसळणार. आज जाऊ नकोस."

"योगायोग," मी म्हटलं. टेस्टरच मी... रीप्रोड्यूस होत नाही, तेच पुन्हा येत नाही, हे दाखवायला पर्समधली तीन क्वार्टरची नाणी काढून पुन्हा सहा वेळा टाकली.

सहाच्या सहा रेघा त्याच. उलटणारी पुन्हा तिसरीच.

"यार, कॅन्सल करू," नितीन म्हणाला. मी गाडीची चावी उचलली.

ट्रेलवर तासभर त्याचं तेच चाललं होतं. शेवटी मी थांबले, मागे वळले. "तीन नाण्यांना घाबरायचं असेल तर तू गाडीत जाऊन बस."

तो काही बोलणार तेवढ्यात वरून घरघर ऐकू आली. आमच्यापुढे वीसेक पावलांवर अख्खा उतार झाडांसकट ट्रेलवर आला. चिखल माझ्या बुटांपर्यंत उडाला. नितीनने माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठले.

आठवडाभर पाऊस होता, दरड सैल झाली असणार — हे मला कळतं. पण ती नाणी दोनदा तशीच कशी पडली? आणि काकू काही बोलल्याच नसत्या, तर आम्ही भांडायला थांबलो असतो का?

नितीन हल्ली काकूंना विचारल्याशिवाय लांब कुठे निघत नाही. तो ट्रेल अजून बंद आहे. उघडला की मी जाणार... आणि कुणालाही विचारणार नाही.