जुन्या इंजिनांची चाल ओळखणारे अप्पा

लातूरचा वेगळा जिल्हा झाला, त्या दिवसांत मी उमरीहून फिटरचं प्रमाणपत्र घेऊन आदरणीय अप्पांच्या गॅरेजात आलो. रस्तोरस्ती नव्या कचेऱ्यांच्या पाट्या लागत होत्या आणि नळाला थेंब नव्हता. अप्पांनी प्रमाणपत्र न बघताच मला एका जुनाट, सुरू असलेल्या मोटारगाडीजवळ उभं केलं आणि विचारलं, "मिनिटाला किती फेऱ्यांवर चाललीया?" मला सांगता येईना. तसल्या जुन्या गाड्यांची इंजिनं फार सावकाश फिरत, त्यामुळे कान तयार असला तर चाल नुसती ऐकून कळे. अप्पांचा अंदाज कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

पुढच्याच उन्हाळ्यात मुरुडजवळच्या एका वस्तीवरच्या पंपाचं इंजिन बिघडलं. अप्पांनी आपली तीच जुनी मोटार तिथे नेली, मागचं चाक उचलून त्यावरून पंपाला पट्टा चढवला आणि विहिरीचं पाणी वर काढलं. "हिला पळवायचं न्हाई," असं बजावून ते जेवायला गेले. घागरींची रांग लांब होती. मी नको ते शहाणपण केलं आणि इंजिनाची गती वाढवली. बाया मला दुवा देत होत्या. थोड्याच वेळात आत खडखडाट झाला. बेअरिंगचा मऊ धातू वितळला होता. पाणी थांबलं.

अप्पा आले, तेव्हा मला तोंड वर करवेना. ते रांगेला म्हणाले, "चूक माझी हाय. ह्याला मी नीट शिकवलं न्हाई." नवं बेअरिंग ओतून, घासून बसवायला चार दिवस लागले. तेवढे दिवस बाया लांबून पाणी वाहत होत्या आणि अप्पांनी वस्तीवरच्या पाण्याच्या घोटालाही हात लावला नाही.

आज अप्पा पंच्याहत्तर वर्षांचे आहेत आणि त्यांना ऐकू येत नाही. त्यांची विद्या शिष्यापाशी सुखरूप आहे, असं मी लिहावं अशी या गौरव अंकाच्या समितीची इच्छा आहे. ते खोटं आहे. गती दाखवणारे मीटर आले आणि मी कानाने ऐकणं सोडून दिलं. परवा अप्पांनी ती मोटार सुरू करायला लावली आणि माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "चाल बरोबर हाय ना?" मी मान हलवली. ते समाधानाने बसून राहिले.

अप्पा अजून बारीक अक्षरही वाचतात, म्हणून सर्वांसमक्ष इथेच सांगतो. अप्पा, परवा मान हलवली तेव्हा मला काहीच कळलं नव्हतं. तुम्हाला निरोगी, उदंड आयुष्य लाभो. माझ्यावर रागवायला तरी पुष्कळ वर्षं राहा.