घोट्याची डेव्हिएशन नोट

मारुती अण्णांनी फिटनेस सर्टिफिकेट टाइप करूनच आणलं होतं. माझी फक्त सही बाकी होती. पेनसुद्धा टोपण काढून पुढे धरलं.

"म्याडम, एवढी सही मारा. परवा फायनल हाय."

मी बेळगावात फिजिओथेरपिस्ट आहे. म्हणजे डॉक्टरांनी हाड जोडून दिलं, की ते ज्याचं आहे त्याला पुन्हा चालतं करायचं. क्लिनिक उद्यमबागच्या रस्त्यावर आहे, त्यामुळे निम्मे पेशंट फाउंड्रीतले, म्हणजे लोखंड वितळवून सुटे भाग ओतणाऱ्या कारखान्यांतले. अण्णा अशाच एका फाउंड्रीत क्वालिटी इन्स्पेक्टर, आणि तिथल्या फुटबॉल टीमचे कोच. शेजारी बसला होता त्यांचा स्ट्रायकर परशराम. कंग्राळीचा, वय चोवीस. कामाला मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारा. आठ तास उभ्यानं काम, तेही कॉन्ट्रॅक्टवर.

महिन्यापूर्वी त्याचा उजवा घोटा एका मॅचमध्ये मुरगळला होता. घोट्यात दोन हाडांच्या मध्ये एक गुळगुळीत गादी असते. ती टवकली होती. एमआरआयमध्ये स्पष्ट दिसत होतं. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी चार महिने खेळ बंद सांगितला होता. या भाद्दरानं त्याच पायावर सेमीफायनल खेळली, गोलही मारला आणि लंगडत बाहेर आला. ते बघून स्पर्धेच्या कमिटीनं सर्टिफिकेट मागितलं.

मी म्हटलं, "आधी टेस्ट." साधी टेस्ट असते. एका पायावर दहा उड्या. डाव्या पायावर परशरामनं दहा मारल्या. उजव्या पायावर तिसऱ्या उडीला भिंत धरली. चेहरा घामानं डबडबला.

"घाम कशाचा?" मी विचारलं.

"पंखा बारीक हाय न्हवं का, म्याडम."

पंखा पाचावर होता.

"दुखायचं बंद व्हायचं इंजेक्शन घेऊन खेळतो की," तो म्हणाला. "नव्वद मिनटांचा तर प्रश्न हाय. मालक म्हणाल्यात, फायनल मारली की परमनंट." मग त्यानं माझ्या डोक्यावरच्या भिंतीकडे बोट दाखवलं. "आणि ह्यो न्हाय का खेळला? तुम्हीच सांगितलासा."

इथे माझी चूक कबूल करायला हवी. भिंतीवर एक पोस्टर आहे. हॉलंडचा एक जुना स्ट्रायकर. खाली त्याच्या पराक्रमांची यादी. तीन वेळा युरोपचा सर्वोत्तम खेळाडू. देशाला युरोपचा कप. फायनलमध्ये जवळजवळ कोपऱ्यातून, जिथून गोल दिसतही नाही तिथून, चेंडू जमिनीवर पडू न देता मारलेला गोल. व्यायामाचा कंटाळा करणाऱ्या पेशंटांना मी पोस्टर दाखवून सांगायची, "बघा, याचा घोटा तुमच्यापेक्षा खराब होता, तरी खेळला." एवढंच सांगायची. पुढचं सांगितलं तर पेशंट व्यायाम करत नाहीत.

त्या दिवशी पुढचं सांगितलं. तो दुखऱ्या घोट्यावर खेळत राहिला. ऑपरेशनं झाली. अठ्ठाविसाव्या वर्षी शेवटची मॅच खेळला. दोन वर्षं वाट बघून तिशीत निवृत्ती जाहीर केली. नंतर चालणंही अवघड झालं, तेव्हा घोट्याची हाडं एकमेकांना कायमची जुळवून टाकली. घोटा हलायचा बंद झाला, मग दुखायचा बंद झाला.

परशराम पोस्टरकडे बघत राहिला. "हे लिहिलं न्हाय की ओ त्यात."

"नाही लिहिलेलं."

अण्णांवर काही परिणाम नव्हता. "त्येची कथा येगळी, म्याडम. आमची एकच मॅच हाय."

मला राग आला. दिवसभर माझ्याकडे असेच पाय येतात, ज्यांची एकच मॅच होती. मी विचारलं, "अण्णा, क्रॅक असलेलं कास्टिंग तुम्ही पास करता?"

"छे! परत भट्टीत."

"आणि गिऱ्हाईक लई अर्जंट असलं तर?"

"मग डेव्हिएशन नोट." अण्णा खुलले. कामाचं बोलायला त्यांना आवडतं. "दोष काय, त्यानं काय होईल, सगळं स्वच्छ लिवायचं. खाली गिऱ्हाइकाच्या माणसाची सही, की माहीत असून घेतोय. सही न्हाय, तर माल न्हाय."

मी लेटरहेड ओढलं आणि लिहिलं. दोष: उजव्या घोट्यातली गादी टवकलेली. परिणाम: दुखणं कायमचं, उभ्यानं काम बंद पडू शकतं. हे माहीत असून माल स्वीकारत आहे. खाली रेघ मारली. त्यांचंच पेन त्यांच्यापुढे धरलं.

अण्णांनी नोट वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"मी करतो सही," परशराम म्हणाला.

"माल स्वतःची सही करतो का, अण्णा?"

"न्हाय," अण्णा म्हणाले आणि नोटेची घडी घातली. "मालकांची घिऊन येतो."

दुसऱ्या दिवशी नोट परत आली, कोरीच. मालकांनी उभ्याउभ्या वाचली म्हणे आणि म्हणाले, "कोच तू हाईस, तूच कर." अण्णांनी ती माझ्या टेबलावर ठेवली, पेन खिशाला लावलं आणि टाइप केलेलं सर्टिफिकेट फाडून टाकलं.

"म्हंजे परमनंट गेलं की ओ," दारात उभा असलेला परशराम म्हणाला. मला फार वाईट वाटलं. त्याला देण्यासारखं माझ्याकडे व्यायामाचा तक्ता सोडून काही नव्हतं. तो दिला.

टीम फायनल एका गोलानं हरली. परशा असता तर बरोबरी झाली असती, हे अण्णांनी मला आजवर सात वेळा ऐकवलंय. मालक महिनाभर त्यांच्याशी बोलत नव्हते.

चार महिन्यांनी परशरामची पुन्हा टेस्ट घेतली. उजव्या पायावर दहा उड्या. पंखा एकावर होता. घाम आला नाही.

तो परमनंट झाला, पण त्यासाठी वर्ष गेलं. शिफारशीचा कागद अण्णांनी लिहिला होता. "ह्येच्यावर सही केली बरं का, म्याडम," ते मुद्दाम क्लिनिकमध्ये येऊन सांगून गेले.

कोरी नोट माझ्या फाइलमध्ये आहे. वीसेक वर्षांत मी पुष्कळ कागद लिहिले, पण सही न होता उपयोगी पडलेला हा एकच. पोस्टरही तिथेच आहे. यादीच्या खाली मी स्केचपेननं एक ओळ वाढवली आहे: शेवटची मॅच अठ्ठाविसाव्या वर्षी, कारण घोटा. तेव्हापासून काही पेशंट व्यायामाचा कंटाळा करतात. मी पोस्टर न दाखवता ओरडते.