वाऱ्यानं गेलेला दिवा

गावात म्हणायचे, बायनाबाईला भ्या म्हणून ठाऊक नाही. पेव उघडायचं ठरलं की त्या सकाळी ती गोठ्यामागे जाऊन दोनदा ओकते, हे फक्त तिच्या सासूला, छबुबाईला ठाऊक होतं.

पाटोद्याहून दोन कोसांवर, डोंगराच्या कुशीत चाळीस उंबऱ्यांचं गाव. ज्वारी ठेवायची ती जमिनीच्या पोटात. चार पुरुष खोल खड्डा, वर माणूस जेमतेम शिरेल एवढं तोंड, आतून कडब्याचा थर, तोंडावर शिळा आणि शिळेवर मातीचा लेप. झालं पेव. दहा-दहा वर्षं दाणा टिकायचा. पण बंद पोटात वाफ धरते, आणि त्या वाफेला ना रंग, ना आवाज. म्हणून उघडलेलं पेव एक दिवस तसंच सोडायचं, दुसऱ्या दिवशी शिंक्यात दिवा ठेवून तळापर्यंत उतरवायचा. दिवा जळाला तर माणूस उतरेल, विझला तर नाही. दिवा सोडायचा तो उतरणाऱ्यानंच. 'ज्याचा जीव, त्याचा दिवा,' अशी म्हणच होती गावात.

बायनाबाईचा नवरा उत्तरेश्वर ही रीत बापाकडून शिकला होता. पाच वर्षांपूर्वी तो उतरला आणि दोराला लोंबकळत वर आला. काखेत दोर रुतलेला, पाय सैल. तोंड मात्र शांत, दुपारच्या झोपेतल्यासारखं. बायनाबाईला पुढं स्वप्नात भिववायला यायचं ते हेच शांत तोंड.

त्यानंतर गावातला एकही गडी पेवात पाय घालीना. उतरणाऱ्याला कडेची, काळी पडलेली चार पायल्या ज्वारी मिळायची. घरात दोन विधवा. कूळ मोठं, भाकर लहान. विधवेनं पुन्हा पाट लावायची रीत त्यांच्यात नव्हती. बायनाबाई अंगानं चिमणीएवढी. ती म्हणाली, मी उतरते.

पहिल्या खेपेला एक अडचण निघाली. पेव म्हणजे लक्ष्मीचं पोट. उतरणाऱ्याच्या कपाळी कुंकू लावल्याबिगर त्याला आत सोडत नाहीत. भगवानराव पाटलांची बायको सत्यभामा करंडा हातात घेऊन उभी राहिली आणि नवऱ्याकडं बघत राहिली. भगवानराव खाली मान घालून म्हणाले, कुंकू पेवाचं हाय, बाईचं न्हाई, लावा. तिनं लावलं. बायनाबाई थरथरत उतरली, थरथरत वर आली, आणि तोंड धुवायला हौदावर गेली. दिवा विझला किंवा माणूस वर आला, की ते कुंकू पुसायचं. तीही रीतच.

हौदावर सुनेला वेळ का लागतो, ते छबुबाईनं तिसऱ्या खेपेला बघितलं. बायनाबाई पाण्यावर वाकून, हात न बुडवता, पाण्यातलं आपलं कपाळ नुसती बघत बसली होती.

मग फसली तेराशे अठ्ठावीसचं, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे अठराचं साल आलं. पावसानं पाठ फिरवलेली, त्यात तापाची साथ घराघरातून एखादं माणूस उचलून घेऊन गेलेली. भगवानरावांनी ठरवलं, शेवटचं पेव उघडायचं आणि घरटी ज्वारी द्यायची. निम्मं उपसून तीन वर्षांपूर्वी बंद केलेलं पेव ते. निम्मं रिकामं पेव सगळ्यांत वाईट, असं जुने लोक सांगायचे. रिकाम्या जागेत वाफ पाय पसरून बसते.

शिळा हलवली तो दिवस आणि ती रात्र, दोन्ही बिनवाऱ्याची, कोंदट गेली. सकाळी बायनाबाई गोठ्यामागून तोंड पुसत आली, तर छबुबाई दोराला पीळ देत दारात बसलेली.

"कावून उतरतीस गं?" म्हातारीनं मान वर न करता विचारलं.

"चार पायल्या कोण सोडतं?"

"पाटलीणबाई तसंबी देणारच हायेत. समद्या गावाला देणार हायेत."

बायनाबाईनं ओचा खोचला.

"भ्या वाटतंय ना?"

"लई."

"मग?"

"आत्ती, उशीर व्हतोय," एवढं म्हणून ती पुढं निघाली.

पेवाच्या कडेला अख्खं गाव टोपल्या घेऊन बसलं होतं. बायका बोलत नव्हत्या, पोरं रडत नव्हती. माणसं तिला वाट देऊन बाजूला झाली, देवीच्या पालखीला होतात तशी. एरवी याच बायका सकाळी वाटेत तिला बघून, अपशकुन नको म्हणून, घागर या कडेवरून त्या कडेवर बदलून घ्यायच्या. सत्यभामाबाईंनी करंडा उघडला, बोट टेकवलं, ओटीत पाच दाणे घातले. कुंकू ओलं होतं, कपाळाला गार लागलं. भगवानरावांनी बजावून सांगितलं की घाई कुणाचीच नाही, दिवा टिकला तरच उतरायचं, नाहीतर उद्या बघू, परवा बघू.

ती पेवाच्या तोंडाशी पालथी झोपली. तोंड अरुंद, एकटीलाच आत बघता येई. बाकीच्यांनी मागं सरायचं, ही पण रीत. शिंकं खाली गेलं. एक पुरुष, दिवा जळतोय. दीड पुरुष, ज्योत पिवळी होऊन लांबली. आणि दुसऱ्या पुरुषाला ती वातीवरून उचलली गेली, जणू कुणी दोन बोटांनी उपटून घेतली. अंधार.

 आता उठायचं, 'गेला' म्हणायचं, एवढंच काम. मग सत्यभामाबाई कुंकू पुसायला पदराचं टोक ओलं करतील. लोक टोपल्या घेऊन उठतील. उद्या सकाळी कुणीतरी घागर बदलून घेईल.

तिनं हळूहळू शिंकं वर ओढलं. विझलेला दिवा सगळ्यांनी बघितला.

"काय झालं?" भगवानराव पुढं आले.

"तळाला चांगला जळत व्हता," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्या बाईचा वाटला. "वर घेताना वाऱ्यानं गेला."

छबुबाईनं पेवाजवळच्या लिंबाकडं बघितलं. पान हलत नव्हतं. मग तिनं सुनेच्या तोंडाकडं बघितलं, बराच वेळ. आणि दोर तिच्या काखेखालून घेऊन गाठ मारली. मागं दोराला सटवा नावाचा गडी उभा होता. त्याला म्हातारीनं कानात काहीतरी सांगितलं आणि त्याच्यापुढं स्वतःही दोर धरला.

पेवात उतरलेल्यानं आवाज देत राहायचं असतं. वरून 'हाईस का?' विचारायचं, खालून 'हाय' म्हणायचं. आवाज थांबला की ओढायचं.

ती आत गेली. उजेड डोक्यावर भाकरीएवढा झाला. आंबूस, कोमट वास. पाय ज्वारीत गुडघ्यापर्यंत रुतले.

"हाईस का?"

"हाय."

तिनं टोपलीत ओंजळी भरायला घेतल्या. एक, दोन. छाती लोहाराच्या भात्यासारखी चालायला लागली, पण आत काही पोचेना. कानात जातं फिरायला लागलं.

"हाईस का गं?"

"हाय."

आणि मग भीती गेली. हेच भयंकर होतं, पण ते तिला तेव्हा कळलं नाही. अंग हलकं झालं, दाणे गादीसारखे मऊ लागायला लागले, जरा टेकावं वाटलं. उत्तरेश्वर इथंच टेकला असणार, असं तिच्या मनात आलं, आणि त्या विचारानं काही दुखल्यासारखंही वाटेना. वरून सासूचा आवाज आला. तिनं 'हाय' म्हटलं. नीट म्हटलं, असं तिला वाटलं. पण तोंड हललंच नव्हतं. उत्तरेश्वरानंही म्हटलं असेल. त्याचंही ऐकू गेलं नसेल.

काखेला जोरात हिसका बसला.

वर आल्यावर ती जमिनीवर पडून माशासारखी तोंड उघडझाप करत राहिली. ओठ जांभळे पडलेले. सत्यभामाबाई पाणी मारत होत्या. भगवानराव सटव्यावर ओरडत होते की एवढ्यात कसं ओढलंस, की बरं झालं ओढलंस, त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. सटवा म्हणाला, म्हातारीनं सांगितलं होतं, दोन 'हाय' झाले की तिसऱ्याची वाट बघायची न्हाई.

पाण्यानं कुंकू ओघळून नाकावर आलं होतं. सत्यभामाबाईंनी पदर पुढं केला.

"ऱ्हाऊ द्या की घटकाभर," बायनाबाई म्हणाली. पेवातून आल्यावरचे तिचे ते पहिले शब्द.

सत्यभामाबाईंचा हात अडला. मग त्या करंड्याचं झाकण लावत उगाचच दुसरीकडं बघायला लागल्या.

लोक पांगले. छबुबाई सुनेचं डोकं मांडीवर घेऊन लिंबाखाली बसून राहिली. मग म्हणाली, "उत्तऱ्या बी असंच म्हणला व्हता. वाऱ्यानं गेला."

बायनाबाईनं डोळे उघडले.

"समदं गाव बघत व्हतं त्याच्याकडं. तवा मला पटलं व्हतं," म्हातारी म्हणाली. "वारा तवा बी पडलेला व्हता. मी लिंबाच्या पानाकडं बघितलंच न्हाई."

"आज बघितलं. मग सोडलंत कावून मला?"

छबुबाईचा हात तिच्या केसांवरून फिरत थांबला. "न्हाई म्हणले असते, तर पुढल्या खेपेला माझ्या माघारी उतरली असतीस. दोराला मी नसते." आणि तळवे पुढं करून, "लई भ्याले गं मी. हात बघ."

 तळव्याची साल दोरानं निघाली होती.

दोन दिवसांनी वारा सुटला. तिसऱ्या दिवशी पेवाच्या तोंडाशी पुन्हा गाव जमलं, करंडा उघडला, कुंकू लागलं. बायनाबाईनं शिंक्याला हात घातला, तर छबुबाईनं ते तिच्या हातातून काढून घेतलं. गुडघे टेकत, कण्हत म्हातारी पालथी झाली आणि दिवा स्वतः सोडला. एक पुरुष, दीड पुरुष, दोन. गाव श्वास धरून तिच्या पाठीकडं बघत होतं. भगवानरावांनी आठवण करून दिली की रीत वेगळी आहे, ज्याचा जीव त्याचा दिवा.

"ज्याचा जीव, त्याच्या हाती दिवा द्यायचाच न्हाई," छबुबाई पेवात तोंड घालूनच म्हणाली.

दिवा तळाला जळत राहिला. तरी तिनं तो लगेच वर घेतला नाही. बायनाबाई कपाळावर ओलं कुंकू घेऊन तिच्यामागं उभी होती, आणि तिचे दात वाजत होते.