सातव्या पानावरची खूण

लिडल नदीच्या खोऱ्यात मी वाचनालयाची गाडी घेऊन जाते. तिथली म्हातारी माणसं वाचून झालेल्या पुस्तकाच्या सातव्या पानावर पेन्सिलीने आपापली खूण करतात. कुणाची फुली, कुणाचं वर्तुळ. तेच पुस्तक पुन्हा हाती आलं तर कळावं, एवढ्यासाठी. नियमात बसत नाही. म्हणून मी बघत नाही.

एफी लेडलॉची खूण म्हणजे दोन ठिपके आणि खाली तिरकी रेघ. हॉइक गावातल्या लोकरीच्या गिरणीत ती स्वेटरला गळे जोडायची, तेव्हा आपल्या मालावर हीच खूण करायची. गळा उसवला तर कुणाचा हात, ते समजायचं. आपला गळा कधी उसवला नाही, असं ती सांगते.

ती वाचते फक्त काळ ओलांडणाऱ्या बायकांच्या प्रेमकथा. अलीकडे ॲलिसनची. ॲलिसन आजची, जमिनी मोजणारी बाई. नदी पायी ओलांडताना ती चारशे वर्षं मागे जाते आणि गुरं पळवणाऱ्या हॉबच्या प्रेमात पडते. पहिल्या भागाच्या शेवटी हॉब त्याच नदीत बुडाला. तेव्हा एफी कितीतरी दिवस धड जेवली नव्हती.

मार्चमध्ये तिने दुसरा भाग नेला. पुढच्या खेपेला गाडीत चढली ती पुस्तक छातीशी घट्ट धरून.

"पोरी, हॉब मेला होता ना?"

"बुडाला होता."

"मग हा चुलीपाशी बसून मोजे कसले वाळवतोय? आणि ॲलिसनला एवढी मोठी मुलगी? ही कधी झाली? मी पानं गाळली का मधली?"

"दुसऱ्या भागात असंच करतात, एफी. आधी गोंधळ घालतात, मग उलगडतात."

"मलाही तसंच वाटलं. मग हे दिसलं."

तिने सातवं पान उघडलं. दोन ठिपके. तिरकी रेघ.

"म्हणजे हे मी वाचलंय," ती म्हणाली. "आणि मला एक ओळ आठवत नाही."

मला तिची थोरली बहीण नॅन आठवली. एफीलाही तीच आठवत असणार. नॅनचं असंच सुरू झालं होतं. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग दुकानाची वाट. शेवटी शेवटी ती एफीला विचारायची, बाई, तुम्ही कुणाच्या?

मी कॉम्प्युटरवर पाहिलं. आज वाटतं, पाहायला नको होतं. पुस्तक नोव्हेंबरमध्ये गेलं होतं. एफीच्याच कार्डावर.

"वॉटला सांगू नकोस," ती म्हणाली.

पण वॉट, तिचा नवरा, तिची पिशवी घेऊन दारातच उभा होता. त्याचा जन्म मेंढरांमागे डोंगरावर गेला. माणसांशी बोलतानाही तो वाऱ्यात उभा असल्यासारखा डोळे बारीक करतो.

"नोव्हेंबरात तू तापात होतीस," तो म्हणाला. "कार्ड घेऊन मी आलो होतो."

आला होता खरा, मला आत्ता आठवलं. पुस्तक टेबलावर पालथं ठेवून खिडकीबाहेर बघत राहिला होता.

"कशाला?"

"तुला वाचून दाखवायला."

"तू? मला? मुक्यांसकट?"

"ते गाळले." मग हातातल्या पिशवीकडे बघत, "सगळे नाही."

"आणि मी ऐकत होते?"

"तिसऱ्या पानावर घोरायला लागलीस."

"मग मिटायचं ना पुस्तक!"

"हॉब कसा वाचला ते बघायचं होतं."

"अरे गाढवा, मग खूण माझी कशाला केलीस?"

"माझी, मेंढरांवरची केली असती तर खोऱ्यातल्या प्रत्येक मेंढपाळाला कळलं असतं, वॉट लेडलॉ काय वाचतो ते."

मी हसले. एफी हसली नाही. ती पायरीवर बसली.

"म्हणजे मी विसरले नाही?"

"झोपली होतीस."

"पूर्ण वेळ?"

"मधूनमधून डोळे उघडे असायचे."

"मग ऐकलंच असेल ना काहीतरी! ते कुठे गेलं?"

तापात ऐकलेलं माणसाचं होतं की तापाचंच राहतं? उघड्या डोळ्यांनी झोपलेली बाई कुठल्या काठावर असते?

"थांब, सांगू नकोस," एफी एकदम म्हणाली. "हॉब वाहत जातो. खाली पाणचक्की असते. चाकाला अडकतो. चक्कीवालीची पोर त्याला केसांनी ओढून काढते."

वॉटने टोपी काढली.

"बरोबर आहे का?"

"पोर नाही. चक्कीवाली स्वतः. बाकी तसंच."

"हे मला आठवलं की मी अंदाज केला?" ती माझ्याकडे वळली. "तूच सांग, पोरी. मला खरंच कळत नाहीये."

मलाही कळलं नाही. नदी म्हटली की आमच्याकडे पाणचक्की येतेच.

"दोन्हीला डोकं लागतंच," वॉट म्हणाला. "चल. चहा करू."

ती त्याच्याकडे बघत राहिली, हा कुठल्या भागातला, असं. मग पुस्तक त्याच्या हातात दिलं.

"पहिल्या पानापासून वाच. घोरले तर चिमटा काढ. आणि मुके गाळायचे नाहीत."

उन्हाळ्यात तिसरा भाग आला, त्यांच्याकडून वाचून परत आला. सातव्या पानावर दोन ठिपके आणि तिरकी रेघ होती. आणि त्याच पानाचा वरचा कोपरा कात्रीने त्रिकोणी कापला होता, वॉट आपल्या मेंढ्यांचे डावे कान कापायचा तसा.

पुस्तक फाडलं तर दंड असतो. मी पान उलटलं. आत ॲलिसन पुन्हा नदीच्या काठावर उभी होती, आणि कुठल्या, ते अजून तिलाच माहीत नव्हतं.