भिंगरीचा गुडघा

गावोगाव टपाल वाटणाऱ्या त्या पोस्टमनला सगळे भिंगरी म्हणत. तरुणपणी त्याच्या पायाला भिंगरी होतीच. आता केस पिकले, उजवा गुडघा कामातून गेला, पण नाव काही जाईना, आणि नावाला जागण्याची खोडही जाईना. कचेरीच्या पायऱ्या चढताना कळ मस्तकात जायची, तरी हा गडी हसतमुखाने वर यायचा. अशा माणसाची कीव करावी की कान उपटावेत, तेच कळत नाही.

लांबच्या वस्त्यांना टपाल न्यायला सायकल बरी, मोपेड बरी, की बॅटरीवर चालणारी छोटी बंद गाडी, हे साहेबांना ठरवायचं होतं. दोघा पोस्टमननी तिन्ही आळीपाळीने चालवायच्या, मग निकाल. दुसरा पोस्टमन म्हणजे भिंगरीचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. भिंगरीनेच साहेबांच्या मिनतवाऱ्या करून त्याला चिकटवला होता.

भिंगरीचा जीव त्या बंद गाडीत अडकला होता. गाडी मिळाली तर निवृत्तीपर्यंत निभेल, नाहीतर गुडघा त्याआधीच घरी बसवेल.

"मग साहेबांना सांगून टाका ना," बायको गुडघा शेकताना म्हणाली. मेहुणा शेजारीच चहा पीत बसला होता.

"वेडी आहेस का? म्हातारा झाला म्हणून उद्याच नारळ देतील हातात."

तेव्हा सायकलच्या पाळीला भिंगरीने दातओठ खाऊन पॅडलं मारली. चढावर डोळ्यांत पाणी यायचं. समोरून कोणी आलं की हा शीळ घालायचा. मेहुण्याने मात्र दुसऱ्याच दिवशी हात टेकले. "कंबरडं मोडलं, साहेब," म्हणत अर्धं टपाल तसंच परत आणलं. मोपेडला दोघांनीही नाकं मुरडली, कारण पिशवी पायांत ठेवली की धड वळता येत नव्हतं. बंद गाडी दोघांनाही आवडली. पार्सलं मावत होती, कागद कोरडे राहत होते. फक्त पायवाटेच्या वस्त्यांपर्यंत ती पोचत नव्हती.

साहेबांनी सगळ्यांसमोर निकाल दिला. "मोठ्या रस्त्यावरची सगळी गावं गाडीने. गाडी मेहुण्याकडे, त्याला सायकल झेपत नाही. आडवाटेच्या झाडून सगळ्या वस्त्या सायकलवर. आणि सायकल म्हटली की भिंगरी! काय पळवलीत हो!"

कचेरीने टाळ्या वाजवल्या. भिंगरी लंगडत पुढे आला.

"साहेब, माझा गुडघा गेलाय. पार गेलाय."

"परवा तर शीळ घालत चढ चढत होतात. गाडी बघितल्यावर गेला का?"

सगळे खदाखदा हसले. एवढ्या वर्षांत भिंगरीने स्वतःसाठी कोणापुढे हात पसरला नव्हता, म्हणून त्याचा हा विनोद सगळ्यांना फारच आवडला.

"खोटं वाटत असेल तर मेहुण्याला विचारा. तो घरचाच आहे."

साहेबांनी विचारलं. मेहुण्याच्या हातात गाडीची किल्ली आलेली होती. ती त्याने मुठीत घेतली आणि भिंगरीकडे न बघता म्हणाला, "भाऊजींचा गुडघा? मला तरी कधी दिसलं नाही, साहेब."

"झालं तर मग," साहेब म्हणाले, आणि दोघांच्या वाटच्या आडवस्त्यांची पिशवी त्यांनी स्वतःच्या हाताने भिंगरीच्या खांद्याला अडकवली.